ट्रायफलसाठी वेगळी ब्राउनी: बडोद्यातल्या उत्तरायणाची तयारी

बशीत घेऊन खायची ब्राउनी आणि ट्रायफलच्या, म्हणजे काचेच्या भांड्यात ब्राउनी, कस्टर्ड आणि फळांचे थर लावून गार खायच्या गोडाच्या, भांड्यात जाणारी ब्राउनी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हे मला उमजायला दोन उत्तरायणं, म्हणजे गुजरातेतल्या दोन संक्रांती, जाव्या लागल्या. पहिल्या वर्षी मी माझी नेहमीची ब्राउनी केली होती: मधोमध ओलसर, बोटांना चिकटणारी, घरात सगळ्यांची लाडकी. तिचे तुकडे काचेच्या भांड्यात रचले, वर कस्टर्ड ओतलं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी पाहिलं तर तळाशी चॉकलेटचा लगदा आणि त्यावर मातकट झालेलं कस्टर्ड. चव होती, पण थर नव्हते. ज्या गोडाची सगळी शोभा थरांत, त्यात तेच दिसेनात म्हटल्यावर मला फार वाईट वाटलं.

कारण नंतर कळलं. ओलसर ब्राउनीत साखर आणि बटर भरपूर, मैदा जेमतेम. साखर पाणी ओढते. कस्टर्ड आणि फळांना लागून रात्रभर राहिलेली ब्राउनी त्यांच्यातलं पाणी पिते, आणि तिला उभं धरायला आत मैद्याचा पुरेसा आधार नसतो, म्हणून ती विरघळते. दुसऱ्या वर्षी मी घाबरून पार केकसारखी कोरडी ब्राउनी केली. ती स्पंजासारखी सगळं शोषून बसली, वरचं कस्टर्ड आटल्यासारखं झालं आणि घास घशात अडकायला लागला. आपल्याला हवी ती या दोन्हींच्या मधली: ओव्हनमधून काढल्यावर किंचित कोरडी वाटणारी आणि २० तासांनी नेमकी मऊ होणारी. तेव्हा ब्राउनी आज कशी लागते यावर जाऊ नका. उद्या संध्याकाळी ती कशी असेल, हे डोळ्यांपुढे ठेवून भाजा. पुढचं प्रत्येक माप आणि प्रत्येक मिनिट मी त्याच हिशोबानं ठरवलं आहे.

आमच्याकडे हे ट्रायफल १४ जानेवारीला होतं. बडोद्यातल्या मराठी घरात त्या दिवशी देवापुढे तिळगूळ आणि अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, पतंग, असे दोन सण एकाच छताखाली चालतात. दुपारी उंधियु आणि जिलेबी. संध्याकाळी पतंग उतरून तुक्कल, म्हणजे दोरीला बांधलेले कागदी कंदील, चढायला लागले की पंधरा-सोळा माणसं दमून, उन्हानं रापून खाली येतात, आणि त्यांना काहीतरी गार, चमच्यानं खाता येईल असं हवं असतं. त्यांतली निम्मी अंडं खात नाहीत. शेजारच्या मासी तर ज्या चमच्यानं अंडं फेटलं तो चमचाही चालवून घेत नाहीत, आणि त्यांचा तो नेम मी मनापासून पाळते. म्हणून खाली अंड्याची आणि बिनअंड्याची, दोन्ही मापं देते आहे. घरच्या चार माणसांसाठी करत असाल तर अंड्याची करा, ती जास्त नीट कापली जाते. पंगत मोठी असेल तर बिनअंड्याचीच करा, म्हणजे कुणाला बाजूला बसावं लागत नाही.

भांडं आणि वेळेचा हिशोब

भांडं काचेचं, सरळ भिंतींचं आणि साधारण ३ लिटरचं घ्या. वर पसरट आणि तळाशी निमुळतं असेल तर खालचा थर मूठभर आणि वरचा परातभर असा बेढब प्रकार होतो. २० सेंटिमीटर व्यास आणि १० ते १२ सेंटिमीटर उंची उत्तम. किती मावतं ते ठाऊक नसेल तर लिटरच्या बाटलीनं पाणी ओतून एकदा मोजून ठेवा. या मापात १४ ते १६ जणांचं होतं.

काम तीन दिवसांत वाटून घ्या. १२ तारखेला संध्याकाळी ब्राउनी भाजायची आणि रात्री दही टांगायचं. १३ ला संध्याकाळी कस्टर्ड, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर थर लावायचे. १४ ला फक्त वरची सजावट. सणाच्या सकाळी स्वयंपाकघरात अडकून पडायचं नसेल तर दुसरा मार्ग नाही, आणि सुदैवानं ब्राउनीलाही हेच मानवतं. भाजून एक रात्र गेलेली ब्राउनी ताज्या ब्राउनीपेक्षा नीट कापली जाते आणि कमी चुरा सांडते.

ब्राउनीचं साहित्य

वाटीचमच्याचं माप इथे नको, वजनकाटा वापरा. मैदा वाटीत दाबून भरला की सैल भरला, यावर २०-२५ ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि ट्रायफलच्या ब्राउनीत तेवढ्यानं खेळ बिघडतो. टिन २० सेंटिमीटरचा चौकोनी घ्या.

अंड्याची ब्राउनी: डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १२० ग्रॅम, बारीक साखर १८० ग्रॅम, अंडी ३, मैदा १०० ग्रॅम, कोको पावडर ३० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, इन्स्टंट कॉफी १ छोटा चमचा, व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

बिनअंड्याची ब्राउनी: डार्क चॉकलेट १०० ग्रॅम, बिनमिठाचं बटर १०० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम (म्हणजे ४०० ग्रॅमचा अर्धा डबा), साखर ७५ ग्रॅम, दूध १०० मिलिलिटर, ताजं दही ६० ग्रॅम, मैदा १३० ग्रॅम, कोको ३५ ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, कॉफी, व्हॅनिला आणि मीठ वरच्याइतकंच.

नुसती खायची असते तेव्हा मी याच टिनला ६० ग्रॅम मैदा आणि २२५ ग्रॅम साखर घेते. त्यावरून फरक लक्षात येईल. साखर याहून आणखी कमी करायचा मोह होतो, कारण कस्टर्डमध्येही साखर आहेच. मी करून पाहिलं आहे, करू नका. गार पदार्थात जिभेला गोडी कमी जाणवते. १५० ग्रॅम साखरेची ब्राउनी फ्रीजमधून काढल्यावर नुसती कडवट लागली.

चॉकलेट घेताना वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. स्वस्तातल्या कम्पाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. गरम ब्राउनीत ते खपून जातं, पण ट्रायफल गार खायचं असतं, आणि ती चरबी गार तोंडात मेणासारखी टाळूला चिकटते. यादीत ‘कोको बटर’ असलेलं, ५० ते ५५ टक्क्यांचं साधं डार्क चॉकलेट पुरेसं आहे. आणंद आपल्यापासून जेमतेम ४० किलोमीटरवर, त्यामुळे अमूलचं ५५ टक्क्यांचं डार्क चॉकलेट कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. मी तेच वापरते.

बटर पिवळं, मिठाचं असेल तर वेगळं मीठ घालू नका. घरचं लोणी घालावंसं वाटेल, पण त्यात पाण्याचं प्रमाण जास्त आणि दर वेळी निराळं असतं, त्यामुळे मापाचा भरवसा राहत नाही. त्यापेक्षा तूप चालेल: बटरमध्ये साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, म्हणून १२० ग्रॅम बटरच्या जागी ९५ ग्रॅम तूप आणि दोन मोठे चमचे दूध. तुपाचा वास मात्र येणार, तो आवडत असेल तरच.

अक्रोड ब्राउनीत घालू नका. शिकागोचं पामर हाउस हॉटेल सांगतं की १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बर्था पामर यांच्या सांगण्यावरून त्यांच्या स्वयंपाकघरात पहिली ब्राउनी झाली. तिच्यातही अक्रोड होते, आणि ती डब्यातून न्यायची होती, म्हणून तिथे ते शोभले. ट्रायफलमध्ये रात्रभर भिजलेला अक्रोड खुसखुशीतपणा घालवून बसतो आणि दाताखाली उगाच मऊ, रबरी लागतो. घालायचाच तर वाढताना वरून.

मिश्रण

टिनला आतून बटर पेपर लावा, दोन बाजूंनी चार बोटं बाहेर राहू द्या, म्हणजे ब्राउनी अख्खी उचलता येते. ओव्हन १७० अंशांवर १५ मिनिटं आधी तापत ठेवा.

चॉकलेट आणि बटर एका भांड्यात घेऊन उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवा, भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. चॉकलेट तीन हिस्से वितळलं की खाली उतरवा, उरलेलं आपल्याच उष्णतेनं वितळतं. आत पाण्याचे दोन-चार थेंबही जाऊ देऊ नका, चॉकलेट आखडून रवाळ होतं.

अंड्याच्या ब्राउनीत आता साखर आणि कॉफी घाला, ढवळा, आणि मिश्रण कोमट होऊ द्या. मग अंडी एकेक करून घाला, प्रत्येक अंडं पुरतं मिसळल्यावर पुढचं. इथे एक गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी आहे. ब्राउनीवर कागदासारखी पातळ, तडकलेली पापडी यावी म्हणून अंडी आणि साखर भरपूर फेटतात. ट्रायफलमध्ये ती पापडी नको. ती भिजून सुटते आणि तिचे काळे तुकडे पांढऱ्या थरात फिरत राहतात. म्हणून फेटू नका, नुसतं मिसळा.

मैदा, कोको, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून घाला. एरवी केकची कृती सांगताना आपण बजावतो की मैदा घातल्यावर कमीत कमी ढवळा. इथे कोरडा मैदा दिसेनासा झाल्यावरही उलथन्यानं आणखी १०-१२ फेरे द्या. त्यानं मैद्याला थोडा ताण येतो, आणि उद्या तुकडे उभे राहायला हवेत तर तो ताण कामाचा आहे.

बिनअंड्याच्या ब्राउनीत चॉकलेट-बटर वितळल्यावर त्यात कंडेन्स्ड मिल्क, साखर, कॉफी आणि कोमट दूध घालून साखर विरेपर्यंत ढवळा. दही वेगळं घोटून, गुठळी न ठेवता, शेवटी मिसळा. मग चाळलेला मैदा, कोको, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ. पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, पण उलथन्यावरून सावकाश घसरणारं झालं पाहिजे. जास्त घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध घाला. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की काम लगेच सुरू होतं, म्हणून हे मिश्रण ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका, लगेच टिनमध्ये ओतून आत सरकवा.

भाजणं

मधल्या जाळीवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू. पंख्याचा ओव्हन किंवा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर १६० अंश. अंड्याची २६ ते ३० मिनिटं, बिनअंड्याची २८ ते ३२. घरोघरचे ओव्हन वेगळे, तेव्हा घड्याळावर विसंबू नका. २४ व्या मिनिटाला पहिल्यांदा टूथपिक मधोमध खुपसा.

खायच्या ब्राउनीत टूथपिकला ओलसर, चकचकीत चुरा लागला की काढतात. आपल्याला तिथून आणखी ४-५ मिनिटं पुढे जायचं आहे. टूथपिकला दोन-तीन कण लागावेत, पण ते बोटांत चोळले तर पेढ्याच्या चुऱ्यासारखे मोकळे व्हावेत, बोटाला फासले जाऊ नयेत. टूथपिक अगदी कोरडी निघायला लागली की आपण पुढे गेलो. तसं झालंच तर घाबरू नका, थर लावताना कॉफीचं पाणी थोडं सढळ हातानं घाला. कमी भाजलेली ब्राउनी मात्र सावरता येत नाही, ती सरळ खाऊन टाकावी आणि दुसरी करावी.

ओव्हन नसेल तरी अडत नाही. माझ्या माहेरी, दांडिया बाजारातल्या घरी, खाली रेती घालायचा अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला काचेची खिडकी असलेला. आईनं त्यात वर्षानुवर्षं केक केले. तसा असेल तर रेती मध्यम आचेवर १५ मिनिटं तापवून घ्या, मग आच मंद करून ३८ ते ४५ मिनिटं. जाड बुडाच्या कढईत जाळी ठेवून, घट्ट झाकण लावूनही असंच होतं. आच फक्त खालून असते, म्हणून खालची बाजू जास्त भाजली जाते. ती कडक बाजू कापून टाकू नका, तळाच्या थरात घाला, तिथे ती सगळ्यात चांगली मुरते.

भाजलेली ब्राउनी टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्या. मग कागदासकट उचलून, झाकून फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी घट्ट झालेली ब्राउनी गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीनं कापा, प्रत्येक कापानंतर सुरी पुसा. अंड्याचीचे २ सेंटिमीटरचे तुकडे, बिनअंड्याचीचे थोडे मोठे, अडीचचे, कारण ती जास्त भुरभुरते. चुरा वाटीत जमवून ठेवा, शेवटी लागतो. काठाचे तुकडे वेगळे काढा.

कस्टर्ड

ट्रायफल मूळचं इंग्रजांचं, आणि अंड्यांच्या कस्टर्डशिवाय त्यांचं ते होत नसे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून १८३७ साली त्यांनी मक्याच्या पिठाची बिनअंड्याची कस्टर्ड पावडर काढली. त्या एका नवऱ्याच्या काळजीमुळे आज आमच्या मासींना ट्रायफल खाता येतं, हे मला दर वर्षी आठवतं आणि बरं वाटतं.

म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध ७५० मिलिलिटर. त्यातलं अर्धी वाटी गार दूध काढून त्यात कस्टर्ड पावडर ५ सपाट मोठे चमचे कालवा. उरलेलं दूध ७० ग्रॅम साखर घालून उकळा, आच मंद करा, कालवलेलं मिश्रण पुन्हा ढवळून धारेनं सोडा आणि हात न थांबवता ढवळत राहा. घट्ट झालं की लगेच उतरवू नका, बुडबुडे फुटायला लागल्यावर पूर्ण २ मिनिटं शिजू द्या. कच्च्या पिठाची चव जायला आणि कस्टर्ड रात्रीतून पाणी सोडू नये म्हणून ही दोन मिनिटं लागतात. पाकिटावरच्या मापापेक्षा हे घट्ट आहे, ते मुद्दाम. ट्रायफलचं कस्टर्ड डावातून पडताना दाट धार नव्हे, पदर पडायला हवेत.

गार होताना साय धरू नये म्हणून वर बटर पेपर थेट चिकटवून ठेवा. सामान्य तापमानाला आलं की वापरायला तयार. फ्रीजमध्ये घट्ट झालेलं कस्टर्ड पुन्हा जोरानं घोटू नका, त्याची पकड सुटते आणि ते पातळ होतं.

चक्क्याचं क्रीम

बाहेरच्या ट्रायफलवर वनस्पती चरबीचं गोड व्हिप्ड क्रीम असतं. ते दिवसभर उभं राहतं, पण चॉकलेट, कस्टर्ड आणि वर तेही गोड, असं एकसुरी लागतं. मी अर्धा चक्का घालते, आणि या ट्रायफलमधला हाच भाग लोक सगळ्यात आधी विचारतात. थोडा आंबटपणा आला की ब्राउनीची चव उठून येते.

फुल क्रीम दुधाच्या ताज्या, आंबट न झालेल्या १ लिटर दह्यातून रात्रभर टांगल्यावर ४०० ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. शेजारणी ज्याला दह्याचा मस्को म्हणतात, तोच. आपल्याला ३०० ग्रॅम लागतो, उरलेल्याचं श्रीखंड. जानेवारीत दही रात्रभर बाहेर टांगलं तरी चालतं, एरवी फ्रीजमध्ये टांगा. चक्का चाळणीतून घासून घ्या आणि त्यात ४० ग्रॅम आयसिंग शुगर मिसळा.

व्हिपिंग क्रीम २०० मिलिलिटर, भांडं आणि फेटणी सगळं गार करून, मऊ शिखरं येईपर्यंत फेटा. नेहमीचं २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, त्यासाठी किमान ३० टक्के लागतात. फेटलेलं क्रीम चक्क्यात हलक्या हातानं, तीन हप्त्यांत मिसळा.

फळं

उत्तरायणाच्या सुमाराला महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आलेली असते. खंडेराव मार्केटात सकाळी लवकर गेलात तर न चेंगरलेले डबे मिळतात, डबा उलटा करून तळ बघितल्याशिवाय घेऊ नका. ४०० ग्रॅम पुरे. देठ न काढता धुवा, फडक्यावर पूर्ण कोरडी करा, मगच देठ काढा, नाहीतर पाणी आत शिरतं आणि रात्रभर बाहेर झिरपतं. आठ-दहा सारख्या आकाराच्या स्ट्रॉबेरी काचेला लावायला उभ्या अर्ध्या करून ठेवा. उरलेल्या चिरून एक चमचा साखर लावून २० मिनिटं ठेवा आणि सुटलेला रस कॉफीच्या पाण्यात घाला.

ताजा अननस, किवी किंवा कच्चट पपई यात घालू नका. त्यांतली पाचक द्रव्यं दुधातलं प्रथिन फोडतात, आणि सकाळपर्यंत चक्का कडू होतो. अननस साखरेच्या पाण्यात ५ मिनिटं उकळून गार केला तर चालतो. केळं काळं पडतं. स्ट्रॉबेरी नसेल त्या दिवसांत माझी पहिली पसंती चिकूला: पिकलेला पण घट्ट, साल काढून जाड चकत्या. चिकू, कॉफी आणि चॉकलेट ही तिघं एकमेकांची भावंडंच. आंबा मात्र ब्राउनीबरोबर मला पटत नाही. केसर आंब्याचा सुवास कोकोखाली दबतो. आंब्याचं ट्रायफल साध्या पांढऱ्या स्पंजवर करावं.

थर लावणं

कॉफीचं पाणी आधी करून ठेवा: १५० मिलिलिटर गरम पाणी, १ मोठा चमचा इन्स्टंट कॉफी, २ मोठे चमचे साखर, पूर्ण गार. इंग्रज इथे शेरी शिंपडतात. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे तो प्रश्नच नाही, आणि चॉकलेटला कडू कॉफीच जास्त शोभते असं माझं ठाम मत आहे.

थर फार करू नका. सहा-सात पातळ थरांपेक्षा चार जाड थर काचेतून स्वच्छ दिसतात आणि चमच्यात प्रत्येकाचा वाटा येतो.

तळाला काठाचे आणि निम्मे मधले तुकडे घट्ट बसवा, मोठ्या भेगा चुऱ्यानं बुजवा. त्यावर ४-५ मोठे चमचे कॉफीचं पाणी, ओतायचं नाही, शिंपडायचं. अर्ध्या केलेल्या स्ट्रॉबेरी कापलेली बाजू बाहेर करून काचेला टेकवा, मध्ये चिरलेल्यांपैकी निम्म्या पसरा. आता कस्टर्ड. त्यात बोट बुडवून पाहा: गरमही लागता कामा नये, कोमटही नाही. कोको बटर शरीराच्या तापमानाच्या थोडं आधीच वितळतं, त्यामुळे कोमट कस्टर्डनंही ब्राउनीचा रंग सुटतो आणि पांढऱ्यात तपकिरी ओघळ येतात. डावानं, मध्यापासून काठाकडे, सगळं कस्टर्ड एकाच थरात घाला आणि भांडं फ्रीजमध्ये ४० मिनिटं ठेवा.

ही ४० मिनिटं टाळू नका. कस्टर्ड धरलेलं नसेल तर वरची ब्राउनी बुडते, आणि सगळी मेहनत तिच्याबरोबर जाते.

मग उरलेली ब्राउनी एकेक तुकडा हातानं ठेवत जा, वरून सोडू नका. पुन्हा ४-५ चमचे कॉफी, उरलेल्या स्ट्रॉबेरी, आणि शेवटी चक्क्याचं क्रीम. क्रीम आधी काठाला लावून कड बंद करा, मग मध्यभाग भरा. आतून काचेला लागलेले डाग ओल्या टिश्यूनं पुसा. प्लास्टिकची फिल्म लावून फ्रीजमध्ये, कांदा-लसणाच्या डब्यापासून लांब, कारण चक्का वास पटकन धरतो. रात्री १० ला लावलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ ला बरोबर २० तास होतात. १० तासांच्या आत ब्राउनी मुरलेली नसते, २४ तासांनंतर स्ट्रॉबेरी पाणी सोडायला लागते.

वाढायच्या अगदी आधी ब्राउनीचा चुरा वर भुरभुरवा आणि त्यावर तिळाची चिक्की. संक्रांतीचा दिवस, घरात चिक्की असतेच. खलबत्त्यात दोन-तीन ठोके देऊन जाडसर फोडा, पूड नको. आदल्या रात्री घातली तर गूळ ओल धरतो आणि चिक्की चिवट होते, म्हणून मी वाटी अगाशीच्या जिन्यापाशी तयार ठेवते आणि माणसं खाली उतरायला लागली की घालते. खरपूस तीळ, आंबटसर चक्का आणि मुरलेली ब्राउनी एका घासात आली की दोन सण एका भांड्यात आल्यासारखं वाटतं.

खोल चमचा सरळ तळापर्यंत न्या आणि एकाच उचलीत सगळे थर काढा, वरून वरून खरवडू नका. भांडं दुपारी उन्हात अगाशीवर नेऊ नका. हिवाळ्यात खोलीत तासभर टिकतं, मे महिन्यात २० मिनिटांत फ्रीजमध्ये परत गेलं पाहिजे. उरलंच तर लहान वाट्यांत काढून झाका. १५ तारखेला, वासी उत्तरायणाच्या दिवशी सकाळी, मुलं पुन्हा पतंग घेऊन वर पळायच्या आधी त्या वाट्या शोधतात.